बायकांची गॅलरी

बांबू मोडला नाही. उजव्या कोपऱ्यातला आडवा बांबू खांबावरून घसरला, हातभर खाली आला, आणि आम्ही सगळ्या बायका एका बाजूला कललो. आपल्या पोरांना कॉर्नर मिळाला होता म्हणून आम्ही उभ्या होतो. माझ्या सासूनं माझं मनगट धरलं. सात महिन्यांची पोटुशी सिंधू सगळ्यात वरच्या फळीवर होती, तिला धरायला काहीच नव्हतं. कोणीतरी "अवं माय" म्हणालं. मग फळ्या करकरल्या.

तुम्ही मैदानाच्या पलीकडच्या कडेला होतात, यानसाहेब. खेळ चालू होता. तुम्ही मैदान आडवं कापत आलात, मधल्या दोन पोरांना ढकललंत आणि थेट त्या बांबूखाली डावा खांदा घातलात. गॅलरी थांबली. तुमचं तोंड लालबुंद झालं, मानेच्या शिरा फुगल्या, आणि तशात तुम्ही ओरडलात, "मांगून उतरा वं! एक-एक! सिंधूले पयले!"

आम्ही एक-एक उतरलो. माझी सासू मध्येच थांबली. "डोक्शावर पदर तं घेऊ द्या गा," म्हणाली. तुम्ही खालून म्हणालात, "पदर मंग घ्या आजी, आधी पाय टाका." त्या घडीलाही दोघी-तिघी हसल्या. शेवटी मी उतरले. माझे पाय जमिनीला लागले आणि तुमचा खांदा गेला. बांबू तुमच्यावर आला, फळ्या त्याच्यावर.

हे सगळ्या वस्तीनं पाहिलं. अजून सांगतात, आणि दर वेळी गॅलरी थोडी उंच होते. वस्तीनं जे पाहिलं नाही ते मला सांगायचं आहे. ते तुम्हालाच सांगते, कारण भांडण तुमच्याशी होतं आणि ते अर्धं राहिलं.

पत्र तुमच्या पुतणीचं आलं. इंग्रजीत होतं, माझ्या पोरीनं, सुमननं वाचलं. दवाखान्यात दहा दिवस होतात, शेवटी त्रास झाला नाही, असं लिहिलं होतं. मी सुमनला म्हटलं, पुन्हा वाच. तिनं वाचलं. मी म्हटलं, ठेव. संध्याकाळी तुमच्या टीमची पोरं आली. पोरं म्हणायची सवय, आता त्यांचे केस पांढरे झाले. मोतीराम म्हणाला, "काकू, साहेबांवर आपण छोटं पुस्तक काढून राहिलो. तुमी बी लिहा." मी म्हटलं, मी चौथी शिकलेली, मला काय लिहिता येतं? तो म्हणाला, "बोलता तसं लिहा." बरं, तसं लिहिते.

तुम्ही आलात पाकिस्तानच्या लढाईच्या आधल्या वर्षी. मिलमध्ये नवे माग बसवायला हॉलंडचा साहेब येणार, एवढंच आम्हाला माहीत होतं. सुमनचे बाबा मिलच्या विणाई खात्यात लागले होते. घरचा खड्ड्याचा माग मी चालवायचे, कारण रिकामा माग घरात बरा दिसत नाही. माग बसवून झाले की साहेब लोक परत जातात. तुम्ही गेला नाहीत. मिलची फुटबॉलची टीम होती. ती दर वर्षी पहिल्याच फेरीत हरायची आणि येताना भजी खाऊन यायची. तुम्ही तिची एक मॅच पाहिलीत आणि मॅनेजरला म्हणालात, ही टीम मला द्या. तुम्ही तुमच्या देशात एका गिरणीच्या टीमचे गोलकीपर होतात, मग तिचेच ट्रेनर झालात, हे आम्हाला मागाहून कळलं. तेव्हा वाटलं, साहेबाला ऊन लागलं.

तुम्ही पोरांना पळवून पाहिलं नाही. साहेब लोक राहतात त्या सदरहून सायकलवर आमच्या कोष्ट्यांच्या वस्तीत आलात आणि घराघरात शिरून मागाच्या खड्ड्यात वाकून पाहायला लागलात. बायका आत पळाल्या. म्हातारे एकमेकांना विचारू लागले, साहेबाचं काही पडलं का खड्ड्यात? तुम्ही पाय पाहत होतात. आमच्या मागावर विणणारा जमिनीच्या बरोबरीला बसतो आणि त्याचे पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर असतात. एकदा डावा, एकदा उजवा, दिवसभर. दोन्ही पायांत सारखा जोर येतो, आणि खाली न पाहता पाय कुठं पडतो ते कळतं. तुमच्या देशात हे शिकवता-शिकवता पोराला मिशा फुटतात, असं तुम्ही म्हणायचात. आमच्याकडं ते खड्ड्यात तयार बसलं होतं. आम्हालाच ठाऊक नव्हतं.

माझ्या घरी आलात तेव्हा मागावर मी होते. मी उठले नाही, धोटा टाकत राहिले. तुम्ही उकिडवे बसलात, बराच वेळ पाहिलंत आणि सुमनच्या बाबांना म्हणालात, "ह्या बाई नसून मानूस असत्या तं मी यायले लेफ्ट हाफले ठेवलं असतं."

मी म्हटलं, "अन् माग कोण चालवन? तुमी?"

तुम्ही खरंच बसलात. तुमचे गुडघे खड्ड्यात मावेनात, पण धोटा टाकलात तो सरळ गेला. परत आला, परत गेला. एक धागा तुटला नाही. मी सुमनच्या बाबांना विचारलं, "कोष्ट्याचा हाय का गा हा?" उत्तर तुम्हीच दिलंत. "बाप विणत होता वयनी. आजा बी." आमची बोली तुम्ही मिलमधल्या कामगारांकडून उचलली होती, पण वयनी म्हणायला तुम्हाला कोणी शिकवलं होतं कोण जाणे. त्या दिवसापासून मी तुमची वयनी झाले. मी मात्र तुम्हाला शेवटपर्यंत साहेबच म्हटलं. भाऊजी म्हटलं असतं तर भांडताना अडचण झाली असती.

संध्याकाळी मैदानावरून तुमचा आवाज वस्तीपर्यंत यायचा. सगळी पोरं चेंडूमागं धावायची आणि तुम्ही बोंबलायचात, "धोटा पयते, कोष्टी बसून राहते! तुमी काहून पयता बे?" एका वाक्यात पोरांना खेळ कळला. पहिल्या वर्षी दोन फेऱ्या, दुसऱ्या वर्षी सेमीफायनल. भजी बंद झाली.

ती सेमीफायनल तुमची एक गोष्ट सांगून जाते. समोर जरीपटक्याची टीम होती. मोतीरामनं गोल मारला तो हातानं. रेफरीला दिसलं नाही. तुम्ही मैदानात गेलात आणि रेफरीला सांगितलंत, चेंडू आमच्या पोराच्या हाताला लागला. गोल गेला, मॅच गेली. आठ दिवस वस्तीत तुम्हाला कोणी पाणी विचारलं नाही. मी विचारलं, पण ते भांडायला.

"रेफरीले दिसलं नाई, त्या टीमले दिसलं नाई, तुमालेच कसं दिसलं?"

"मले दिसलं, वयनी."

"मंग डोये मिटाचे होते."

"गोलकीपरले डोये मिटता येत नाई. सवय नाई."

मोतीराम तेव्हा तुमच्यावर फार चिडला होता. आज तोच पुस्तक काढतो आहे.

आपलं मोठं भांडण मात्र मागांचं होतं. तुम्ही मिलमध्ये बसवलेला एक माग आमच्या गल्लीतल्या कितीक घरांचं काम एकटा उरकायचा. ज्या खड्ड्यात वाकून तुम्ही पोरांचे पाय पाहिलेत, तो खड्डाच तुम्ही बुजवत होतात. मी तोंडावर म्हटलं, "सकायी आमचे माग खाता अन् संध्याकायी आमच्या पोरायले खेळवता. कसं जमते तुमाले?"

"माझ्या बापाचा माग बी असाच गेला. म्हणून मी मशीन बसवाले शिकलो."

"म्हणजे बापाले वाघानं खाल्लं तं पोरानं वाघच व्हाचं?"

तुम्ही चहा संपवून गेलात. दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आलात, की मशीन कोणी तरी बसवणारच, तर मग विणणाऱ्याच्या पोरानं बसवलेली बरी, तो निदान धागा तरी ओळखतो. मला पटलं नाही. आजही पटत नाही. पण दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन येणारा साहेब मी दुसरा पाहिला नाही. बाकीच्यांना आम्ही विचारलेलंच ऐकू जायचं नाही.

तिसऱ्या वर्षी टीम फायनलला गेली. तेव्हा तुम्ही विचारलंत, वयनी, बायका मॅच पाहायला का येत नाहीत? मी म्हटलं, "बसाचं कुठी? मानसायच्या टकुऱ्यावर?" खरंच होतं ते. मैदानाला एक भिंत, तिच्यावर पोरंटोरं, बाकी सगळे पुरुष उभे. आमच्या हातचं जेवून आमचीच पोरं खेळायची, आणि कोण जिंकलं ते आम्ही घरात बसून ओरडण्यावरून ओळखायचं. मी आपली टोमणा मारून कामाला लागले. आठ दिवसांनी मैदानावर बांबूंची गाडी आली.

वस्तीतले मोठे लोक कुरकुरले. बायका वर चढल्यावर खालून कोणाची नजर जाईल त्याचं काय? तुम्ही फळ्यांखाली चारी बाजूंनी बांबूच्या तट्ट्या लावल्या. मग म्हणाले, सैपाकाचं काय? तुम्ही म्हणालात, मॅच दीड तासाची आहे, सैपाक पळून जात नाही. शनिवारी दुपारी सगळे मिळून गॅलरी बांधू लागले. मीही गेले, कारण तुमच्यावर माझा विश्वास होता आणि आमच्या पुरुषांच्या गाठींवर नव्हता.

तीन कोपरे काथ्यानं बांधून झाले आणि काथ्या संपला. कोणीतरी म्हणालं, बाजारातून आणतो. मी म्हटलं, कशाला, घरी आहे.

आमच्यात ताण्याचं, म्हणजे मागावर लांबीत लावायच्या धाग्यांचं, उरलेलं सूत टाकत नाहीत. ताण्याच्या सुताला भाताची खळ लावलेली असते, त्यानं ते ताठ होतं. त्याच्या उरल्या टोकांची दोरी वळून ठेवतात. पाळणा त्या दोरीवर, खाट त्या दोरीची, कपडे वाळतात त्याच दोरीवर. फक्त विहिरीला ती कोणी लावत नाही. पाणी लागलं की खळ सुटते, दोरी बुळबुळीत होते आणि गाठ धरत नाही. हे आमच्याकडं परकर नेसणाऱ्या पोरीलाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण मैदानावर पाणी कुठून येणार? त्या मैदानावर आजवर कोणी तांब्याभर पाणी टाकलं नव्हतं. तिथं फक्त धूळ असायची. गाठही मीच मारली. जुन्या ताण्याला नवा ताणा जोडताना एकेका धाग्याला गाठ मारण्यात माझा जन्म गेला, माझी गाठ कधी सुटली नव्हती. ओढून पाहिली, वर फळीवर बसून पाहिली. पक्की होती.

रविवारी सकाळी तुम्ही मिलचा टँकर आणून मैदानावर पाणी मारलंत. तुमच्या देशात मॅचच्या आधी मारतात म्हणे, चेंडू सरळ जातो. कोणाला सांगितलं नाहीत. सांगण्यासारखं काही होतं असं तुम्हाला वाटलंच नाही. गॅलरी मैदानाच्या रेघेला लागून होती, उजवा कोपरा चिंब झाला. दुपारी आम्ही नटूनथटून आलो तेव्हा वरून सगळं वाळलेलं होतं. तट्ट्यांच्या आड, सावलीत, माझी गाठ ओलीच होती.

फळ्या बाजूला करून तुम्हाला बाहेर ओढलं तेव्हा तुमच्या उजव्या हातात ती दोरी होती. तुम्ही ती अंगठा आणि बोटात धरून चोळलीत. मी समोर उभी होते. कोष्ट्याच्या पोराच्या बोटाला खळ लागली आणि त्याला कळलं नाही, असं होईल का? तुम्ही माझ्याकडं पाहिलंही नाही. दोरी खिशात कोंबलीत आणि हात पँटला पुसलात. एकदा पुसलात, मग पुन्हा नीट पुसलात. मग तुम्हाला खाटेवर घालून नेलं.

चौथ्या दिवशी मिलच्या व्हरांड्यात चौकशी झाली. मॅनेजर होते, पोलिसांचे जमादार होते, वस्तीतले पाच-सहा मोठे लोक होते, आणि मागं आम्ही बायका. तुमचा डावा हात गळ्यात बांधलेला. मॅनेजरनं विचारलं, गॅलरी कोणी बांधली? तुम्ही इंग्रजीत उत्तर दिलं नाहीत, सगळ्यांना कळेल असं आमच्या बोलीत दिलंत.

"म्या बांधून घेतली."

"दोरी कोणती होती?"

"बजारातली. जुनी निंघाली. पाहून घ्याले पाह्यजे होती, पायली नाई. पाणी बी म्याच मारलं."

स्वतःच्या टीमचा गोल रद्द करून घेणारा माणूस सगळ्यांसमोर खोटं बोलला, आणि त्याचं तोंड जराही बदललं नाही. आणि मी, जिच्या तोंडाला वस्तीतले पुरुषसुद्धा भितात, ती गप्प बसले. सुमनच्या बाबांनी एकदा मान वळवून माझ्याकडं पाहिलं. दोरी कोणाची ते त्यांना माहीत होतं. त्यांची नोकरी त्याच मिलमध्ये होती. आणि ज्यांच्या सुना-लेकी वर होत्या, त्या घरांनी मला पुन्हा दारात उभं केलं नसतं. ही कारणं खरी आहेत. पण ती मी मागाहून गोळा केली. त्या वेळी माझी जीभ नुसती उचलली नाही.

मिलनं तुम्हाला होळीपर्यंत जायला सांगितलं. फायनल पुढच्या रविवारी पुन्हा ठेवली होती. मोठ्या लोकांनी ठरवलं, बायका आता घरात. तुम्ही शनिवारी नवा काथ्या आणलात, गॅलरी पुन्हा उभी केलीत आणि एका हातानं प्रत्येक गाठ ओढून पाहिलीत. रविवारी मॅचच्या आधी एकटेच वरच्या फळीवर चढलात आणि गळ्यात हात बांधलेला असताना उड्या मारल्यात. सहा फुटांचा माणूस उड्या मारतो आहे आणि सगळं मैदान पाहतं आहे. मग खाली हाका मारल्यात, "या वं! या!"

कोणी हललं नाही. मग मी चढले. मला चढणं भागच होतं, ते का, ते तुम्हाला आणि मला ठाऊक होतं. वर पोचले तर मागून माझी सासू. "सून पडून मेली तं माह्या पोराले भाकर कोण देईन," असं मोठ्यानं सांगत ती चढली. मग बाकीच्या आल्या. सिंधू सोडून सगळ्या. तिला दोन महिन्यांनी मुलगी झाली, सुखरूप.

ती मॅच आपण दोन-एकनं हरलो. तुम्ही पोरांवर ओरडलाही नाहीत. बायका शेवटच्या शिट्टीपर्यंत बसल्या, आणि त्यानंतर आमच्या वस्तीत बायका मॅचला येतात का, हा प्रश्न कोणी काढला नाही.

तुम्ही तिकडं गेल्यावर एका लहान गावाच्या टीमचे मॅनेजर झालात. पत्रं यायची, सुमन इंग्रजी शिकली ती निम्मी तुमच्या पत्रांवर. दोन वर्षांत तुम्ही ती टीम वरच्या वर्गात नेलीत. फोटो पाठवलात. खेळाडूंनी तुम्हाला खांद्यावर घेतलं होतं, तुमचा एक हात वर, तोंड उघडं. तो फोटो वस्तीत घरोघर फिरला. मी पाहिला तो डावा हात. तो मांडीजवळच होता. इतक्या आनंदातही तो खांद्याच्या वर गेला नव्हता. मग पुढच्या वर्षी पत्र, की टीम हरायला लागली, मला काढलं. एका ओळीत लिहिलं होतं, भाजी महाग झाली असं लिहावं तसं. मग दुसऱ्या गावानं बोलावलं, मग तिसऱ्या. तीन वर्षांच्या वर कुठंच टिकला नाहीत. सुमन म्हणायची, साहेब सगळ्यांशी भांडतात वाटतं. मी म्हटलं, भांडत नसेल, खरं बोलत असेल. शेवटी शाळेच्या पोरांना शिकवू लागलात आणि तिथं कोणी काढलं नाही.

जगाच्या स्पर्धेत तुमचा देश दोनदा फायनलला गेला आणि दोनदा हरला. मी सुमनकडून लिहवून घेतलं, "दोनदा ताणा लावला, लुगडं मागावरून एकदाही उतरलं नाही." तुमचं उत्तर आलं, "वयनीले सांग, दोनदा लावला तरी ना." मी दोन दिवस हसले.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही आलात. वाकला होतात. मी तरी कुठं सरळ राहिले होते? सुमनचे बाबा वारले होते. माग विकला होता, खड्डा बुजवून त्यावर फरशी घातली होती आणि तिथं सुमनची शिलाई मशीन होती. तुम्ही मशीनकडं बोट केलंत आणि भुवया उडवल्यात, कसं, असं. मी म्हटलं, "हे माह्या पोरीनं आपल्या मर्जीनं आणली. तुमची आमाले कोणी विचारून आणली नव्हती." तुम्ही म्हणालात, "आता मिल बी बंद पडाच्या वाटेवर हाय वयनी. माही मशीन बी म्हातारी झाली." हे जिंकल्यासारखं मी ऐकलं नाही. त्यात कोणीच जिंकलं नव्हतं.

मी चहा दिला. चिवडा दिला. ठरवलं होतं, आज बोलायचं. म्हटलं, "साहेब, त्या दोरीचं—"

"चिवडा तिखट हाय," तुम्ही म्हणालात.

"चिवडा नेहमीचाच हाय. त्या दोरीचं मले—"

"वयनी. भल्ला तिखट हाय. पाणी द्या."

मी पाणी आणायला उठले आणि तुम्ही मोतीरामला हाक मारलीत. मग घर माणसांनी भरलं. तुम्ही गोलकीपर होतात, चेंडू कुठून येतो ते आधीच ओळखायचात. माझा चेंडू तुम्ही गोलात जाऊच दिला नाहीत.

तर आता ऐका, आता तुम्हाला पाणी मागता येत नाही. तुम्ही माझी चूक घेतलीत त्याबद्दल आभार मानायला मी त्या चिवड्याच्या दिवशी तोंड उघडलं नव्हतं. मला विचारायचं होतं, कोणाला विचारून घेतलीत? तुमच्या मागांनी आमचं काम नेलं तेव्हा विचारलं नव्हतंत. माझी चूक नेलीत तेव्हाही नाही. नोकरी तुमची गेली, हात तुमचा गेला, आणि मला इतकी वर्षं लोक सांगत राहिले, बिचारा साहेब, बाजारातल्या दोरीनं घात केला. मी मान डोलावत राहिले. तुम्हाला वाटलं असेल, वयनी वाचली. वाचले, हे खरं. सुमनच्या बाबांची नोकरी राहिली, पोरगी शिकली, त्या व्हरांड्यात तुम्ही खरं बोलला असतात तर हे झालं नसतं. ते मी विसरत नाही, आणि तुमच्याइतकं माझ्यासाठी माहेरच्या माणसांनीही केलं नाही. पण खोटं तुम्ही एकदा बोललात आणि विसरलात. मला ते रोज पाळावं लागलं.

म्हणून हे मोतीरामच्या पुस्तकात छापून यावं, वस्तीनं वाचावं, आणि ज्यांना माझ्या दारावरून तोंड फिरवून जायचं त्यांनी खुशाल जावं. ती दोरी बाजारातली नव्हती. ती माझ्या घरची होती, खळीच्या सुताची, आणि गाठ माझ्या हाताची होती. पाणी तुमचं होतं, तेवढं तुमच्याकडं राहू द्या. निम्मी चूक तुमची, निम्मी माझी. यापुढं माझी निम्मी मी कोणाला देणार नाही, तुम्हालासुद्धा नाही.

त्या गॅलरीवर आम्ही तेवीस बायका होतो. तेवीसही वाचलो.